खडूच्या कड्याखालचा घसारा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने दगड आणि समुद्र यांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण ‘घसारा’ म्हणजे काय, हे मला वर्गात जेवढे समजले त्याहून अधिक इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका वाटेने चालताना समजले, म्हणून हा खटाटोप.

माझी आतेबहीण ब्रायटन येथे परिचारिका आहे. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे पंधरा दिवस राहण्याचा योग आला. ब्रायटन हे लंडनपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर, समुद्रकाठी वसलेले शहर. शहराच्या पूर्व टोकाला ब्लॅक रॉक नावाची जागा आहे. तेथून रॉटिंगडीन या खेड्यावरून सॉल्टडीनपर्यंत सुमारे पाच किलोमीटर लांबीची काँक्रीटची वाट जाते. तिला ‘अंडरक्लिफ वॉक’, म्हणजे कड्याखालची वाट, म्हणतात. पूर्वेकडे तोंड करून चालू लागले की उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला भिंतीसारखा उभा कडा. माथ्यावरून मोटाररस्ता जातो, पण खाली ऐकू येतात त्या लाटाच. मुले सायकली फिरवतात, वृद्ध माणसे बाकावर बसून चहा पितात. ताई आणि दाजी यांच्याबरोबर मी या वाटेने तीन वेळा गेलो. पहिल्या खेपेस समुद्र पाहिला. पुढच्या दोन खेपांस कडाच पाहत राहिलो.

कडा कशाचा आहे?

हा कडा खडूचा आहे. आपल्या फळ्यावरचा खडू हल्ली बहुधा जिप्समचा असतो. हा मात्र खरा नैसर्गिक खडू, म्हणजे मऊ आणि सच्छिद्र असा चुनखडक. आपल्या महाविद्यालयातील कन्नड मित्र ज्याला ‘सुण्णद कल्लु’ म्हणतात, त्याच जातीचा. हात फिरवला की तळवा पांढरा होतो. सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी येथे समुद्र होता व त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या शैवालांची अमाप वस्ती होती. त्यांच्या अंगावरचे चुन्याचे सूक्ष्म खवले मरणानंतर तळाशी बसत. हजार वर्षांत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर थर जमे. या हिशेबाने पुरुषभर उंचीचा थर साचायला पन्नास हजार वर्षांहून अधिक काळ लागला. बेळगावच्या परिसरातील काळा दगड ज्या लाव्हारसाचा झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे नखाने ओरखडा निघणारा हा खडू आपल्या कठीण काळ्या पाषाणाहून वयाने वडील आहे!

कड्याच्या पांढऱ्या अंगावर काळसर गोट्यांच्या आडव्या रांगा दिसतात. त्या चकमकीच्या दगडाच्या. समुद्रातील स्पंजांच्या सांगाड्यांतल्या सिलिकेपासून तो तयार झाला. कडा कोसळला की खडू विरघळून, झिजून जातो आणि चकमक मागे उरते. लाटा तिला घोळून घोळून गोटे बनवतात. ब्रायटनचा किनारा वाळूपेक्षा गोट्यांचाच आहे, आणि हे गोटे म्हणजे गेलेल्या कड्यांची शिल्लक. ही शिल्लक निरुपयोगी नाही. गोट्यांचा जाड थर लाटेचा जोर वाटेतच मोडतो व कड्याचा पायथा राखतो. पुढील विवेचनासाठी वाचकांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

वाट की भिंत?

ही वाट फिरायला येणाऱ्यांसाठी बांधली असावी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती समुद्रभिंतीचा माथा आहे. पूर्वी भरतीच्या लाटा थेट कड्याच्या पायथ्यावर आदळत. पायथा पोखरला की वरचा भाग अधांतरी राही आणि एके दिवशी खाली येई. १९२८ साली रॉटिंगडीन ब्रायटन शहरात सामील झाले. १९३० ते १९३३ या काळात ब्लॅक रॉकपासून रॉटिंगडीनपर्यंत भिंत उभारण्यात आली, कड्याचा उतार तासून सारखा करण्यात आला आणि पुढे हे काम सॉल्टडीनपर्यंत वाढवण्यात आले. माथ्यावरचा रस्ता व वस्ती वाचवणे हा मुख्य हेतू. चालण्याची सोय हे, आमच्या भाषेत, उपउत्पादन.

समुद्राशी व्यवहार किती महाग पडतो, याचे एक उदाहरण याच किनाऱ्यावर आधीच घडून गेले होते. मॅग्नस व्होक नावाच्या संशोधक-उद्योजकाने १८८३ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर विजेची छोटी रेल्वे सुरू केली. ती आजही चालते. मग त्याने ब्रायटन ते रॉटिंगडीन असे चक्क समुद्रात रूळ टाकले आणि त्यांवर सुमारे सात मीटर उंच पायांवर उभी असलेली गाडी चालवली. भरतीच्या वेळी पाय पाण्यात आणि उतारू वर कोरडे! २८ नोव्हेंबर १८९६ रोजी ती सुरू झाली आणि आठवडाभरातच वादळाने तिला आडवी केली. दुरुस्ती करून १८९७ मध्ये ती पुन्हा धावू लागली. पण नगरपालिकेने किनारा राखण्यासाठी समुद्रात बांध घालायचे ठरवले. त्यामुळे रूळ खोल पाण्यात हलवणे भाग होते. तो खर्च व्होकला पेलला नाही आणि १९०१ साली गाडी बंद पडली. ओहोटीच्या वेळी दाजींनी मला त्या रुळांखालचे काँक्रीटचे ठोकळे दाखवले. बांधण्याचा खर्च सर्वांना दिसतो. टिकवण्याचा खर्च मागाहून दार ठोठावतो.

पांढरेपणाचे रहस्य

भिंतीमागचा हा कडा ठिकठिकाणी मळकट झाला आहे. त्याच्या खाचांत गवत आणि झुडपे रुजली आहेत. उलट, पूर्वेला ‘सेव्हन सिस्टर्स’ नावाचे जे कडे आहेत ते धुतलेल्या धोतरासारखे शुभ्र. दगड दोन्हीकडे एकाच जातीचा. मग हा फरक का? सेव्हन सिस्टर्सच्या पायथ्याशी भिंत नाही. समुद्र तेथे आजही पायथा कापतो, मळलेला दर्शनी भाग कोसळतो आणि आतला कोरा खडू उघडा पडतो. म्हणजे शुभ्रता ही झीज चालू असल्याची खूण आहे. कॅलेंडरांवर आपण ज्या कड्यांचे कौतुक करतो, ते कौतुक खरे पाहता ताज्या जखमेचे असते.

भिंतीमुळे ही जखम भरून निघाली असे मात्र नाही. भिंतीने समुद्र अडला. पाऊस आणि थंडी यांना कोण अडवणार? खडू पाणी शोषून घेतो. फटींत शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठले की फुगते आणि दगड फोडते. २०००-०१ चा हिवाळा तेथे फारच पावसाचा गेला. ३ एप्रिल २००१ रोजी बीची हेड या प्रसिद्ध कड्यावरील ‘डेव्हिल्स चिमनी’ नावाचा सुळका समुद्रात कोसळला. ब्लॅक रॉकच्या बाजूलाही त्या सुमारास दरडी पडल्या व या वाटेचा भाग बंद ठेवावा लागला. आज कड्याला जागोजागी जाळ्या बांधलेल्या दिसतात. म्हणजे भिंत बांधून झाली तरी हिशेबाचे खाते बंद झाले नाही.

घसारा आणि सवकळी

आता वर्गाकडे वळू. दहा हजार रुपयांचे यंत्र दहा वर्षे टिकणार असेल, तर आपण दरवर्षी हजार रुपये घसारा लिहितो. ही स्थिर हप्ता पद्धती. कड्याचा घसारा असा लिहिता येईल काय? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार बीची हेड परिसरातील कडे गेली काही हजार वर्षे दरवर्षी सरासरी २ ते ६ सेंटिमीटर मागे हटत होते; गेल्या दीडशे वर्षांत हा वेग २२ ते ३२ सेंटिमीटर झाला. पायथ्याचे गोटे कमी झाले, हे त्याचे मोठे कारण. येथे गोटे लाटांबरोबर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतात. एका गावाने बांध घालून ते अडवले की पुढच्या गावाला तुटवडा पडतो. १९७० च्या दशकात बांधलेल्या ब्रायटनच्या नौकाबंदराचे धक्केही हे सरकणे अडवतात. दुहेरी नोंदपद्धतीत एका खात्याची जमा ती दुसऱ्या खात्याची नावे असते. किनाऱ्यावरही तोच नियम दिसतो.

शिवाय ही सरासरी फसवी असते. समुद्र स्थिर हप्ता पाळत नाही. कित्येक वर्षे मूठभर खडू पडतो, आणि मग एका रात्रीत काही मीटर जमीन नाहीशी होते. २०१४ च्या आरंभी झालेल्या वादळांत बर्लिंग गॅप या ठिकाणी सात वर्षांची झीज दोन महिन्यांत झाली.

मराठीत आपण यंत्राला ‘घसारा’ आणि जमिनीला ‘धूप’ म्हणतो. कन्नडमध्ये दोहोंना एकच शब्द आहे, ‘सवकळि’. हिशेबाच्या पुस्तकातही सवकळि आणि शेताच्या बांधावरही सवकळि. कन्नड भाषेने जे एका शब्दात जोडले, ते मला ब्रायटनला डोळ्यांनी पाहायला मिळाले.

राखावे की सोडावे?

खरा प्रश्न पुढेच आहे. बर्लिंग गॅपला तटरक्षकांच्या जुन्या घरांची एक रांग होती. तेथे भिंत बांधली गेली नाही. कडा मागे येत गेला आणि टोकाचे एकेक घर पाडावे लागले. जवळच बेल टाऊट नावाचे जुने दीपगृह आहे. कडा अगदी जवळ आल्यावर १९९९ साली ती ८५० टनांची इमारत उचलून १७ मीटर मागे सरकवण्यात आली. तेव्हा मार्ग तीन: भिंत बांधणे, मागे हटणे, किंवा सोडून देणे. ब्रायटनमागे मोठे शहर आणि महत्त्वाचा रस्ता आहे, म्हणून भिंतीचा खर्च परवडतो. बर्लिंग गॅपला घरे थोडी. शिवाय भिंत घातली तर पाहण्याजोगा कडाच काळवंडणार.

हा हिशेब मी ताईला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला. ती म्हणाली, “अरे, त्या शेवटच्या घरात राहणाऱ्याला हा जमाखर्च वाचून दाखव पाहू.” मला उत्तर देता आले नाही. तरीही मला वाटते, हिशेब टाळल्याने त्या घरावरचे संकट टळत नाही. उलट, घर जाणार हे वीस वर्षे आधी कळले आणि स्थलांतरासाठी निधी बाजूला ठेवला, तर माणूस रस्त्यावर येत नाही. घसाऱ्याची तरतूद करायची ती यासाठीच.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर लाटा मोडण्यासाठी काँक्रीटचे चौपायी ठोकळे टाकलेले आपण पाहतो. आपल्याच कर्नाटकात मंगळूरजवळच्या उल्लाळला पावसाळ्यात समुद्राने घरे गिळल्याच्या बातम्या येतात आणि तेथेही दगडी बांध घातले गेले आहेत. असा प्रत्येक बांध मंजूर होताना तीन प्रश्न विचारले जावेत: दुरुस्तीचा पैसा दरवर्षी कोण देणार, शेजारच्या किनाऱ्याच्या वाळूचे काय होणार, आणि बांधाबाहेर राहिलेल्या घरांसाठी तरतूद कोणती? हे प्रश्न अभियंत्यांपुरते नाहीत. ताळेबंद वाचता येणाऱ्या प्रत्येकाने ते विचारावेत. मित्रहो, तेवढे शिक्षण तर आपण येथे घेतच आहोत.