कॉर्डलेस ड्रिल घेताय? ब्रँडआधी बॅटरी बघा

पडद्याचा रॉड, भिंतीवरचं शेल्फ, दाराची सैल बिजागरी... घरी कॉर्डलेस ड्रिल असलं की अशी कामं अडत नाहीत. पण ब्रँड कोणता घ्यायचा?

खरं तर तुम्ही मशीन नाही, बॅटरी निवडत असता. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. बॉशच्याच निळ्या आणि हिरव्या मशीनच्या १८ व्होल्ट बॅटऱ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. म्हणजे पहिल्या ड्रिलबरोबरच पुढच्या ग्राइंडरचा ब्रँडही ठरतो.

आकड्यांना भुलू नका. १८ व्होल्ट आणि '२० व्होल्ट मॅक्स' एकच. दोन्हींत ओळीने पाच लिथियम सेल असतात. प्रत्येकी ३.६ व्होल्ट धरले की १८, पूर्ण चार्ज झाल्यावरचे सुमारे ४ धरले की २०. स्क्रू आणि लाकडासाठी १२ व्होल्ट पुरे. विटांच्या भिंतीला हॅमर मोडचं १८ व्होल्टचं ड्रिल घ्या. स्लॅब-बीमला मात्र रोटरी हॅमरच हवा.

वर्ध्यात उन्हाचाही विचार करा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवलेल्या बॅटरीचं आयुष्य घटतं. तापलेली बॅटरी गार झाल्यावरच चार्जिंगला लावा.

पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा: सुटी बॅटरी मिळते का, केवढ्याला? सर्व्हिस सेंटर वर्ध्यात आहे की ७५ किलोमीटरवर नागपुरात? पुढे बॅटरीच मिळाली नाही, तर मोटर धडधाकट असूनही मशीन भंगारात जातं.