जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर चलथाण लागतं. साखर कारखाना, शेजारी कडोदऱ्याच्या कापडगिरण्या, आणि खानदेशातून पोटासाठी आलेले कितीतरी मराठी कामगार. अशा पट्ट्यात जुना ट्रान्सफॉर्मर भंगारात निघाला, की तेलाला पहिला हात लागतो कामगाराचाच. त्या तेलात पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, असू शकतं. ते कातडीतून शरीरात शिरतं आणि चरबीत वर्षानुवर्षं साठून राहतं.

‘भारतात पीसीबी बनलंच नाही, मग इथे कुठून येणार?’ बनलं नाही हे खरं. पण ते भरलेले ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर बाहेरून आले. शिवाय तेल गाळणारं एकच मशीन अनेक ट्रान्सफॉर्मरना लावलं जातं, आणि नळीत उरलेलं दूषित तेल पुढच्या टाकीत उतरतं. म्हणून नेमप्लेटवर ‘मिनरल ऑइल’ वाचून निर्धास्त होता येत नाही.

गाळल्यावर तेल शुद्ध होतं, हा समजही चुकीचा. ओलावा आणि गाळ निघतो, विरघळलेलं पीसीबी तसंच राहतं. तेल बदललं तरी कॉइलच्या कागदात, लाकडात मुरलेला अंश नव्या तेलात हळूहळू उतरतो. काही महिने चालवून पुन्हा तपासणी करावीच लागते.

रंग, वास किंवा पाण्यात थेंब टाकून काही कळत नाही. निव्वळ पीसीबी पाण्यात बुडतं, पण धोक्याची मर्यादा किलोला ५० मिलिग्रॅम आहे आणि तेवढं मिसळलेलं तेल खुशाल तरंगतं. चाचणी प्रयोगशाळेतच व्हायला हवी.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे ‘जाळून टाका’. साध्या भट्टीत त्यातून डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात. नष्ट करायला ११०० अंशांहून जास्त तापमानाची खास भट्टी लागते. प्रमाण कमी असेल तर सोडियमच्या प्रक्रियेने क्लोरीन काढता येतो. विल्हेवाट नीट लावली नाही तर काय होतं पाहा: १९९९ मध्ये बेल्जियममध्ये पीसीबी असलेलं तेल पशुखाद्याच्या चरबीत मिसळलं आणि कोंबड्या-अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली.

प्रत्येक जुना ट्रान्सफॉर्मर विषारी नसतो, हेही तितकंच खरं. पण २०१६ च्या केंद्रीय आदेशाने ३१ डिसेंबर २०२५ नंतर पीसीबीचा कुठलाही वापर बंद केला आहे. मालकांनो, चाचणीचा अहवाल हातात आल्याशिवाय ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याला देऊ नका. आणि कामगार बंधूंनो, अहवाल पाहिल्याशिवाय टाकीचा नळ उघडू नका.