काही न करताच दमायला होतं?

दोस्तांनो, सहामाही परीक्षा तोंडावर आलीय. रविवार असूनही खेळ नाही, धावपळ नाही. दिवसभर आपण पुस्तक उघडून बसलेलो. तरी संध्याकाळी मान आखडते, डोकं जड होतं, अंग मोडून येतं. आई म्हणते, ''केलंस तरी काय एवढं दमायला?'' आणि आळशीपणाचा शिक्का बसतो!

पण हा आळस नव्हे. कुत्रा भुंकत अंगावर आला तर काय होतं, आठवा. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनलिन नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, शरीर पळायला सज्ज! कुत्रा गेला की थोड्या वेळात सारं शांत. गणिताचा पेपर मात्र भुंकतही नाही आणि जातही नाही. त्याची काळजी दिवसभर मनात राहते, अन् स्नायू तसेच ताणलेले. दोन मिनिटं मूठ घट्ट आवळून बसा बरं. हात भरून येतो की नाही? तसंच हे.

मग करायचं काय?

आवळा आणि सोडा : शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी स्नायू सैल सोडण्याच्या पद्धतीवर १९२९ साली पुस्तकच लिहिलं. तिचा सोपा प्रकार असा. उताणे पडा. आधी पावलं पाच सेकंद आवळा, मग एकदम सैल सोडा. वीस अंक मोजा. पुढे पोटऱ्या, पोट, मुठी, खांदे, शेवटी चेहरा. दुखरा भाग असेल तर तो वगळा.

काळजी कागदावर उतरवा : 'गणित येत नाही' हा डोंगर झाला. 'उद्या मधल्या सुट्टीत बाईंना तिसरं प्रमेय विचारायचं' हे काम झालं. डोंगराचं काम करून लिहा. 'पेपर अवघड निघाला तर?' हे आपल्या हातात नाही. ते वेगळ्या रकान्यात टाका.

उठा, हला : वीस मिनिटं सायकल, दोरीच्या उड्या, नाहीतर गच्चीवर फेऱ्या. शरीर पळायला सज्ज झालंय ना? मग त्याला पळू द्या!

झोप कापू नका : तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, लहानांना त्याहून जास्त. रात्री जागायला म्हणून चहा-कॉफी नको, आणि मोबाइल उशाशी नको.

कुणाला तरी सांगा : आई, ताई, आजोबा, सर, कुणीही चालेल. बोललं की निम्मं ओझं उतरतं.

आता आई-बाबांसाठी दोन शब्द. मूल घरात आल्याआल्या 'पेपर कसा गेला?' विचारण्याआधी 'भूक लागलीय का?' विचारून पाहा. दोन आठवडे थकवा हटत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असलं तरी असाच थकवा येतो. आणि 'जगण्यात अर्थ नाही' असं मूल बोललं, तर दोन आठवडे थांबू नका. त्याला एकटं सोडू नका, लगेच मदत घ्या. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस आणि मोफत आहे. मुलांनो, तो तुम्हीही फिरवू शकता.

तर मग, आज झोपण्यापूर्वी पावलांपासून सुरुवात करायची ना?