ब्रांकुसीचा पक्षी आणि ४० टक्के कर

पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्राच्या अवाढव्य, पाइपांनी वेढलेल्या इमारतीसमोर एक बुटकी वास्तू आहे. आत एकाच माणसाचा पसारा: आधुनिक शिल्पकलेचा अध्वर्यू कॉन्स्टंटिन ब्रांकुसी (१८७६-१९५७). जागा छोटी, किस्से भरपूर!

देतो, पण एका अटीवर
रुमानियातल्या होबित्सा गावचा हा माणूस पॅरिसच्या एका बोळातल्या स्टुडिओत चाळीस वर्षं राहिला. १९५६ मध्ये त्यानं सगळं फ्रेंच सरकारच्या नावे केलं. अट एकच: स्टुडिओ जसा आहे तसाच मांडायचा. मूळ जागा गेली, पण वास्तुकार रेंझो पियानो यांनी १९९७ मध्ये तो पाँपिदूसमोर नव्यानं उभा केला. आत पाऊल टाकायचं नाही, काचेबाहेरून चक्कर मारायची, असा तिथला शिरस्ता होता.

चौथरेही मोजा
संग्रहात १३७ शिल्पं आणि ८७ चौथरे! चौथऱ्यांची वेगळी मोजदाद कशाला? कारण तेही ब्रांकुसीनंच घडवलेले. कुठल्या शिल्पाखाली लाकूड आणि कुठल्याखाली दगड, हे ठरवणं त्याच्या लेखी शिल्पकामच होतं.

विकलं? मग प्लास्टरचं ठेवा
शिल्पांची आपसांतली मांडणी त्याला इतकी प्यारी, की एखादं विकलं गेलं तर त्या जागी तो प्लास्टरची प्रत ठेवायचा. गिऱ्हाईक खूश, मांडणीही शाबूत.

फोटो माझे मीच काढणार
इतरांनी काढलेले फोटो पसंत पडेनात, म्हणून त्यानं मॅन रे या छायाचित्रकाराची मदत घेऊन स्वतःच कॅमेरा हाती धरला. काचेच्या प्लेटा आणि प्रिंट मिळून १६००च्या वर ऐवज मागे राहिला. शिल्प कसं दिसावं, हेही तोच ठरवायचा: ‘लीडा’ हे ब्राँझचं शिल्प तर त्यानं चकचकीत धातूच्या तबकडीवर बसवलं आणि मोटर लावून फिरवलं.

गुरूला रामराम
१९०७ मध्ये रोदँसारख्या दिग्गज शिल्पकाराच्या हाताखाली काम मिळालं. ब्रांकुसीनं ते थोड्याच दिवसांत सोडलं. मोठ्या झाडाखाली काही वाढत नाही, हे त्याचं म्हणणं पुढे प्रसिद्ध झालं.

पक्षी की पातेलं?
१९२६ मध्ये त्याचं ‘अवकाशातला पक्षी’ न्यूयॉर्कला पोहोचलं. कलाकृतीवर आयातकर नव्हता. पण ना चोच, ना पंख, नुसता उंच, निमुळता, लखलखीत ब्राँझ! कस्टमवाल्यांनी त्याला स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याचं सामान या सदरात टाकलं आणि ४० टक्के कर लावला. प्रकरण कोर्टात गेलं. पक्ष्यासारखं न दिसणारं हे शिल्प कला आहे का, यावर साक्षी झाल्या. १९२८ मध्ये निकाल ब्रांकुसीच्या बाजूनं लागला आणि जे हुबेहूब नाही तेही शिल्प असू शकतं, हे अमेरिकी न्यायालयानं मान्य केलं.

इंदूरचं न झालेलं मंदिर
आता आपल्या जवळची गोष्ट. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) याच पक्ष्यावर फिदा झाले. ब्राँझचा घेतलाच, शिवाय काळ्या आणि पांढऱ्या संगमरवरातलेही घडवून घेतले. या पक्ष्यांसाठी ध्यानमंदिर बांधायचं ठरलं आणि १९३७-३८च्या हिवाळ्यात ब्रांकुसी थेट इंदुरात दाखल झाला. पण योजना बारगळली. होळकरांचे ते दोन संगमरवरी पक्षी आता ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत आहेत.

बॅग भरण्याआधी
मोठ्या नूतनीकरणासाठी पाँपिदू केंद्र २०२५ पासून बंद आहे आणि स्टुडिओचं दारही. केंद्र २०३०मध्ये उघडायचं आहे. तोवर थांबवत नसेल तर रुमानियातलं तिर्गु जिउ गाठा. तिथे ब्रांकुसीचा १९३८चा ‘अनंत स्तंभ’ उभा आहे. उंची २९ मीटरांहून जास्त, २०२४ पासून जागतिक वारसा. मध्ये काच नाही, वर छत नाही. मान तेवढी दुखेल!