दारू सुटते ती संगतीनं

‘मनात आणलं तर आज सोडेल, पण मनातच आणत नाही.’ पिणाऱ्याबद्दलचं हे वाक्य नाशिक जिल्ह्यातल्या पेठ गावच्या बाजारात ऐकू येतं, तसंच नाशिक शहरातल्या कॉलनीतही. दारू सोडणं हा एकट्याच्या निश्चयाचा मामला आहे, हा पहिला गैरसमज त्यातच दडलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दारूवरचं अवलंबित्व आजार म्हणून नोंदलेलं आहे. शरीराला रोजच्या दारूची सवय झाली की ती न मिळाल्यावर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. निश्चय तिथेच गळून पडतो. आपल्या परंपरेला हे पूर्वीच उमगलेलं आहे. माळ घातलेला माणूस दारू सोडतो तो केवळ शपथेच्या धाकानं नव्हे. माळेबरोबर भजनी मंडळ येतं, एकादशी येते, शेजारच्या त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेची दिंडी येते. संध्याकाळ भरून जाते आणि उठबस बदलते. मद्यपींच्या स्वमदत गटाचं तत्त्व याहून फार वेगळं नाही: संगतीनं लागलेली गोष्ट संगतीनंच सुटते.

‘पण नुसतं बोलून दारू कशी सुटेल?’ शंका रास्त आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाली; त्यांतला एक डॉक्टर होता. भारतात ती १९५७ पासून आहे. तिच्या उपयोगाचा ठोस पुरावा नाही, असंच वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००६ च्या आढाव्यात म्हटलं होतं. पुढे अधिक चांगले अभ्यास झाले आणि २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यासांतल्या १०,५६५ माणसांची माहिती तपासली गेली. माणसाला एएशी पद्धतशीर जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभरानंतर सुमारे ४२ टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते. इतर मानसोपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. म्हणजे गट हा चमत्कार नाही. निम्म्याहून अधिक लोक वर्षाच्या आत कधी ना कधी पुन्हा प्यालेच. पण प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड, किंबहुना कांकणभर सरस ठरणारी गोष्ट फुकट मिळत असेल, तर तिला ‘नुसत्या गप्पा’ म्हणता येत नाही.

‘तिथं धर्मांतर करतात, पैसे घेतात, गावभर नाव होतं,’ ही कुजबुजही असते. सदस्य होण्याची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही; सदस्य आपखुशीनं देतील त्या पैशांवर खर्च भागतो. एएच्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण तो ‘आपल्याला जसा उमजेल तसा’. नास्तिकांनाही तिथं मज्जाव नाही. अनामिकता तर नावातच आहे. पेठसारख्या एकमेकांना ओळखणाऱ्या गावात नाव फुटण्याची भीती खरी आहे, हे मान्य. पण रोज पिणाऱ्याचं पिणं गावाला आधीच ठाऊक असतं. झाकायचं असतं ते सोडण्याचे प्रयत्न, आणि त्यातच काळ निघून जातो. पिणारा तयार नसला, तरी घरच्यांना वाट पाहत बसावं लागत नाही. त्यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉनचे गट वेगळे असतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे.

याच्या उलट टोकाचा गैरसमज अधिक घातक: ‘मीटिंगला गेलं की डॉक्टर नको.’ वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं दारू एकदम थांबवली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास-भ्रम होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून सुरुवात सरकारी दवाखान्यातून करावी. चहातून गुपचूप द्यायच्या पुड्यांच्या नादी तर लागूच नये. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल आणि माणूस त्यावर प्याला, तर प्राणावर बेतू शकतं. शरीरातली दारू उतरवण्याचं काम डॉक्टरचं. ती पुन्हा न घेण्याचं बळ गटातून मिळतं. मुक्तांगणनं १९८६ पासून मुक्कामी उपचारांना पाठपुराव्याची जोड दिली आहे, ती यासाठीच.

राहिला पेठचा खास आक्षेप: मोहाची दारू रूढीतली, नाशिक ५० किलोमीटरहून लांब आणि हंगामात माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. पण देवापुढची धार आणि पहाटे उठल्याउठल्या लागणारा पेला यांत फरक आहे. आजार ठरतो तो ताबा सुटण्यावरून. दारू मोहाची की दुकानातली, यावरून नाही. अंतराचा आक्षेप खरा आहे. २०१९ च्या सरकारी अहवालानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ भारतीयांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाले होते. मात्र गटाला इमारत लागत नाही, अनुदानही लागत नाही. न पिण्यासाठी एकत्र बसणारे दोघे-तिघे मद्यपी स्वतःला एएचा गट म्हणवू शकतात, आणि असा गट द्राक्षबागेच्या बांधावरही बसू शकतो. पहिल्या चौकशीसाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा, असे दोन मोफत सरकारी क्रमांक आहेत. घरातल्या कुणाला शपथ घालण्याआधी यांतला एक फिरवून पाहा.