पालाला जागा कोण देणार?

भटक्यांना हक्काची जागा मिळाली पाहिजे, हे तत्त्व सहसा कोणी नाकारीत नाही. वादाला तोंड फुटते ते ही जागा आपल्याच गावाच्या शिवेत आखली जाऊ लागली म्हणजे. इंग्लंडमधील जिप्सी व ट्रॅव्हलर समाजांच्या तळांचा प्रश्न गेली साठहून अधिक वर्षे नेमका येथेच अडून राहिला आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर म्हणून नोंद झालेल्यांची संख्या सुमारे ७१ हजार होती. त्यांतही बहुसंख्य पक्क्या घरांत राहतात. फिरत्या घरांसाठी तळ हवा आहे तो उरलेल्यांना. जवळजवळ सहा कोटींच्या लोकसंख्येत एवढ्यांची सोय होऊ नये, याचे कारण जमिनीची टंचाई हे खचित नव्हे.

१९६० च्या कायद्याने स्थानिक परिषदांना सार्वजनिक माळांवर फिरती घरे उभी करण्यास मनाई करण्याचा अधिकार दिला आणि तळ उभारण्याची मुभाही दिली. परिषदांनी अधिकार वापरला, मुभा मात्र बहुतांशी कागदावरच राहिली. म्हणून १९६८ मध्ये लिबरल पक्षाचे खासदार एरिक लबक यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्याने तळ पुरविणे हे परिषदांचे कर्तव्य ठरविले. १९८० पासून उभारणीचा सारा भांडवली खर्चही मध्यवर्ती सरकारने उचलला. तरीही अनेक परिषदा टाळाटाळच करीत राहिल्या. अखेर १९९४ मध्ये हे कर्तव्यच रद्द झाले आणि भटक्यांनी स्वतः जमीन विकत घेऊन परवानगी मागावी, असे धोरण आले.

पैसा मिळत असूनही परिषदा का हलल्या नाहीत? अर्थशास्त्राच्या दृष्टीने याचे उत्तर अवघड नाही. तळाचा लाभ साऱ्या देशात विखुरतो. त्याचा राजकीय भार मात्र एका प्रभागावर पडतो. शिवाय जी परिषद प्रथम चांगला तळ उभारील तिच्याकडे शेजारच्या परगण्यातील कुटुंबेही वळतील, ही भीती असते. परिणामी प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. ज्या ठिकाणी तळ झाले तेथेही विरोध कमीत कमी होईल अशीच जागा निवडण्याकडे कल राहिला. लंडनमध्ये वेस्टवे या उन्नत महामार्गाच्या सावलीत वसलेला तळ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

रहिवाशांच्या हरकतींना निव्वळ द्वेष म्हणून झटकून टाकणे न्याय्य होणार नाही. अरुंद रस्त्यांवरील वाहतूक, सांडपाणी, शाळेतील जागा, हरितपट्ट्याचे रक्षण हे प्रश्न खरे आहेत. परंतु कचरा आणि अस्वच्छतेची तक्रार बहुधा रस्त्याकडेच्या अनधिकृत मुक्कामांवरून होते, आणि तेथे ना नळ असतो ना कचरा उचलणारी गाडी. म्हणजे तळ नसल्याने जे घडते, तेच तळ न देण्याचे समर्थन म्हणून पुढे केले जाते.

हटविण्याचा मार्ग स्वस्त आहे, असेही नाही. एसेक्समधील डेल फार्म येथे ट्रॅव्हलर कुटुंबांनी जमीन विकत घेतली होती. ती हरितपट्ट्यात मोडत असल्याने परवानगी नाकारली गेली. सुमारे दहा वर्षांच्या झगड्यानंतर ऑक्टोबर २०११ मध्ये जवळपास ८० कुटुंबांना हटविण्यात आले. परिषद आणि पोलीस मिळून सुमारे ७० लाख पौंड खर्च झाले, आणि त्यांतील कित्येक कुटुंबे लगतच्या रस्त्यावरच येऊन थांबली. २०२२ च्या कायद्याने असा मुक्काम विशिष्ट परिस्थितीत फौजदारी गुन्हा ठरविला. त्यातील काही तरतुदी मानवी हक्कांशी विसंगत असल्याचे उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये जाहीर केले.

हा प्रश्न आपल्याला परका वाटू नये. जिप्सींच्या रोमानी भाषेचे मूळ भारतीय आहे, हा त्यातला जुना दुवा. दुसरा अधिक बोचरा: भटकेपणाला गुन्हेगारीशी जोडणारा १८७१ चा कायदा ब्रिटिशांनीच येथे केला, आणि सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआडची वसाहत त्याचीच साक्ष होती. १९५२ मध्ये ते कलंकपत्र रद्द झाले. पण कायदा गेला म्हणून गावाजवळ जमीन मिळाली, असे झाले नाही. महाराष्ट्राला २०११ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आखावी लागली ती त्यामुळेच.

तेव्हा उपाय काय? वेल्सने २०१४ च्या कायद्याने गरज सिद्ध झाल्यास तळ पुरविणे पुन्हा बंधनकारक केले. दिशा तीच योग्य. प्रत्येक परिषदेचा वाटा आधी ठरावा, तळ लहान असावेत, आणि ते शाळा-दवाखान्यापासून दूर नसावेत. रहिवाशांचे म्हणणे जरूर ऐकावे. मात्र चर्चेचा विषय तळ कोठे आणि कसा, हा असावा. तळ असावा की नसावा, हा प्रश्न प्रत्येक गावाच्या मतावर सोडला तर त्याचे उत्तर सर्वत्र नकारार्थीच येईल, आणि साऱ्या गावांच्या नकारांची बेरीज म्हणजे काही हजार कुटुंबांना देशात कोठेही उभे राहण्यास जागा नसणे होय.