जिवाणू मेले, दृष्टी का गेली?

डोळ्याचे पारपटल, म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते आणि त्यात एकही रक्तवाहिनी नसते. म्हणूनच ते पारदर्शक राहते. मग तिथे जखम चिघळली की पू येतो कुठून? तो जागच्या पेशींतूनच तयार होतो, असे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ विर्खो यांचे मत होते. त्यांचेच शिष्य कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकाच्या शरीरात रंगाचे सूक्ष्म कण सोडले, पारपटलाला इजा केली आणि रंग घेतलेल्या पेशी जखमेत येऊन पोचलेल्या दाखवल्या. पू रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा होता. पारपटलाच्या जिवाणुजन्य व्रणाच्या पुढच्या दीडशे वर्षांचा मागोवा घेतला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते: जिवाणू मारायला आपण लवकर शिकलो, पण या पेशींना वेळेवर आवरायला अजून पुरते शिकलेलो नाही.

प्रतिजैविके आली आणि चित्र पालटले. १९९० च्या दशकात फ्लुओरोक्विनोलोनचे थेंब हाताशी आले आणि बहुतेक जिवाणू काही दिवसांत मरू लागले. तरीही अनेक रुग्णांच्या डोळ्यात फूल पडायचे ते पडतच राहिले. पारपटल पारदर्शक असते ते त्यातले कोलाजेनचे धागे काटेकोर अंतरावर रचलेले असल्यामुळे. स्यूडोमोनाससारखा जिवाणू शिरला की पृष्ठभागावरच्या पेशी त्याची चाहूल ओळखतात आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावणे धाडतात. त्या जिवाणू मारतात, पण त्यांनी सोडलेली विकरे कोलाजेनही विरघळवतात. अमेरिकेत लिंडा हॅझलेट यांच्या प्रयोगशाळेने हे उंदरांत फार स्पष्ट दाखवले. जिवाणू तोच, पण एका जातीच्या उंदरांचा डोळा सावरतो, तर दुसऱ्या जातीत न्यूट्रोफिल मुक्काम ठोकतात आणि पारपटलाला भोक पडते. म्हणजे डोळ्याचे भवितव्य एकटा जिवाणू ठरवत नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. त्यामुळे दाह आवरल्याने दृष्टी वाचते का, याची खरी परीक्षा रुग्णांवरच व्हायला हवी होती आणि ती मुख्यतः तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत झाली. या चाचणीत ५०० रुग्णांना आधी ४८ तास मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दिले, मग निम्म्यांना जोडीला दाह आवरणारे स्टिरॉइडचे थेंब आणि निम्म्यांना औषध नसलेले थेंब. २०१२ मध्ये निकाल आला: तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या दृष्टीत सरासरी फरक नाही. तेव्हा स्टिरॉइडचा प्रश्न मिटला, असे म्हणता येईल का? नाही. सरासरीच्या आड दोन परस्परविरोधी गोष्टी दडल्या होत्या. ज्यांची दृष्टी सुरुवातीलाच फार खालावली होती, त्यांना फायदा झालेला दिसला. उलट नोकार्डिया या जिवाणूच्या रुग्णांत स्टिरॉइडने पारपटलावरचा डाग अधिक मोठा राहिला. गटवार विश्लेषणातून निघालेले निष्कर्ष सावधपणेच घ्यावे लागतात, हे खरे. पण ते कोनहाइमपासूनच्या पुराव्याशी जुळतात. दाह आवरण्याचा लाभ जिवाणू कोणता, उपचाराची वेळ कोणती आणि इजा किती, यांवर ठरतो.

मग औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून पाहायला काय हरकत आहे? फार मोठी हरकत आहे. मदुराईतल्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पारपटलाच्या व्रणांत जिवाणू आणि बुरशी यांचे प्रमाण जवळजवळ सारखे आढळले, आणि बुरशीच्या व्रणात स्टिरॉइड म्हणजे तिला मोकळे रान. नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक नेहमीच कळत नाही. त्यासाठी व्रण खरवडून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. शेतात भाताचे कुसळ किंवा उसाचे पाते डोळ्याला लागले, काँटॅक्ट लेन्स वापरताना डोळा लाल होऊन दुखू लागला, तर घरातली जुनी बाटली उघडू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला डोळा दाखवा आणि स्टिरॉइडचा निर्णय त्यांच्यावर सोपवा.